पास्कल हलला का?

पाचूबंदरच्या पास्कलला बास्केटबॉलमधलं काय काय येत नव्हतं ते सांगत बसलं तर जेवणवेळ टळेल. त्याला पळता येत नव्हतं. त्यानं उडी मारली तरी ती मारली आहे हे शेजारच्याला सांगावं लागायचं. बॉल हातात आला की मोठा घोळ मासा लागल्यासारखा तो छातीशी कवटाळायचा आणि आता हा कोणाच्या गळ्यात घालू म्हणून घाबराघुबरा इकडेतिकडे बघायचा. उभ्या जन्मात त्याच्या हातून एकदाच बॉल टोपलीत गेला, आणि ती टोपली स्वतःच्याच बाजूची होती. एवढं असूनही संघात त्याची जागा पक्की होती, कारण त्याला एक गोष्ट उत्तम यायची. त्याला उभं राहता यायचं.

हसण्यासारखं त्यात काही नाही. ज्याला उभं राहणं सोपं वाटतं त्यानं एकदा, जीव खाऊन धावत येणाऱ्या माणसाच्या वाटेत, हात छातीवर बांधून उभं राहून दाखवावं. चांगले चांगले शेवटच्या क्षणी डोळे मिटतात, खांदा काढतात, ढुंगण फिरवतात. पास्कल यातलं काही करत नसे. तो उभा राहिला की खांब उभा राहिला. वसईच्या बाजारात कोळणी त्याला हाक मारून आपल्या पाटीच्या उन्हाच्या बाजूला उभं करायच्या, आणि तो बिचारा मासळी संपेपर्यंत तिथं सावली देत राहायचा. त्याची आई म्हणायची की या पोराला देवानं दारासारखा घडवला आणि कडी लावायला विसरला.

बास्केटबॉल गावात आला तो नव्वदच्या आगेमागे. तोवर पाचूबंदरच्या पोरांना फुटबॉल ठाऊक होता आणि व्हॉलीबॉल ठाऊक होता. एका तरुण फादरांनी चर्चमागच्या सिमेंटच्या जागेवर दोन खांब रोवून टोपल्या लावल्या आणि स्वतः बदली होऊन निघून गेले. मागे राहिलेला खेळ प्लासिडनं सांभाळला. प्लासिड तहसील कचेरीत कारकून. कॉलेजात असताना तो मुंबईला जाऊन खेळलेला, आणि ते गावात कोणाला माहीत नाही असं त्यानं होऊ दिलं नव्हतं. पस्तिशी उलटली तरी गुडघ्याला पट्टा बांधून तोच संघाचा कप्तान, तोच शिकवणारा आणि वेळप्रसंगी तोच पंचांशी भांडणारा.

प्लासिडचा एक मंत्र होता. बॉल टोपलीत टाकतो तो एकटा असतो, पण टाकू देणारे चौघं असतात. पाचूबंदरच्या पोरांना हे पटवताना त्याच्या नाकी नऊ आले, कारण इथं ज्याच्या हातात बॉल आला त्याला वाटायचं की देवानं तो आपल्यालाच दिलाय, आता दुसऱ्याला देणं म्हणजे पाप. पासचं तर सोडाच. मोकळं कसं व्हायचं हेच कोणाला कळत नव्हतं. तेव्हा प्लासिडनं त्यांना स्क्रीन शिकवली. आपला नेम धरणारा गडी कृष्णा. कृष्णाच्या मागे समोरच्याचा माणूस चिकटलेला. मग आपल्यातल्या एकानं त्या माणसाच्या वाटेत जाऊन गप उभं राहायचं. कृष्णानं त्या उभ्या गड्याला घासून पलीकडे निघायचं. पाठलाग करणारा उभ्या माणसाला अडकतो, कृष्णा मोकळा होतो, आणि तो मोकळा होतो त्याच क्षणाला पास त्याच्या हातात पडतो.

ऐकायला किती गोड. पण कृष्णा म्हणजे उकळत्या तेलातली मोहरी. पास्कल जागेवर पोचायच्या आतच तो धावत सुटायचा. पास्कल पोचेपर्यंत कृष्णा पलीकडे जाऊन, कंटाळून परत यायचा, आणि प्लासिडनं दिलेला पास तिसरीकडेच, शेजारच्या पुतळाबाईच्या वलांडीच्या बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांत जाऊन पडायचा. मग पुतळाबाई बॉल घेऊन घरात जायची आणि तो सोडवून आणण्यात सरावाची वेळ संपायची. अखेर प्लासिडनं नियम केला की पास्कल उभा राहून हात छातीवर घेईल, तो दिसल्याशिवाय कृष्णानं पाऊल उचलायचं नाही. एकदा ते जमलं आणि पाचूबंदर जिंकायला लागलं. गावाला वाटायचं कृष्णा जिंकवतो. कृष्णाचंही तेच मत होतं.

पास्कलमध्ये खोट होती ती एकच. माणूस भारी भिडस्त. पाचूबंदरच्या गल्ल्या अशा की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला पाठ लावावी लागते, आणि कोणी लावायची याचा रिवाज ठरलेला. डोक्यावर पाटी असेल तिला वाट, म्हाताऱ्याला वाट, आणि ज्या घरची मुलगी केली असेल त्या घरच्या माणसाला तर आधी वाट. पास्कल हे रिवाज जरा जास्तच पाळायचा. समोरून सासुरवाडीचं कुत्रं आलं असतं तरी तो भिंतीला लागला असता.

आणि त्याला सासुरवाडी मिळाली ती अर्नाळ्याची. क्रिस्टिना आईबरोबर आगाशीच्या बाजारात मासळी विकायची. शाळेत असताना ती स्वतः बास्केटबॉल खेळलेली, त्यामुळे पास्कल काय काम करतो ते कळणारी पाचूबंदरच्या बाहेरची ती एकटीच. पहिल्यांदा ती त्याच्याशी बोलली तेव्हा इतकंच म्हणाली होती की आज कृष्णाला टाळ्या मिळाल्या त्या निम्म्या तुझ्या. पास्कलला आयुष्यात असं कोणी म्हटलं नव्हतं. त्या दिवशी तो घरी चुकीच्या गल्लीनं गेला. पुढे साखरपुडा झाला, चर्चमध्ये लग्नाची पहिली घोषणाही झाली. चाळीस दिवसांचा उपवास सुरू व्हायच्या आत लग्न लागायचं होतं, कारण उपवासात लग्नं लागत नाहीत.

नेमक्या त्याच आठवड्यात स्पर्धेचा शेवटचा सामना आला, पाचूबंदर विरुद्ध अर्नाळा. अर्नाळ्याचा सगळ्यात चपळ गडी होता ग्लेन, क्रिस्टिनाचा थोरला भाऊ. कृष्णाच्या मागावर तोच राहणार आणि त्याच्या वाटेत पास्कलनंच उभं राहायचं, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. पास्कलला आदल्या दिवसापासून जेवण गेलं नाही. प्लासिडनं त्याला बाजूला घेऊन समजावलं की मैदानात मेहुणा नसतो, मैदानात फक्त समोरचा असतो. पास्कलनं मान हलवली. त्याची मान हलली म्हणजे त्याला पटलं, असं समजणं ही प्लासिडची चूक झाली.

सामना बघायला क्रिस्टिनाही आली होती. तो बरोबरीत चालला आणि शेवटी अर्नाळा एका गुणानं पुढे गेलं. घड्याळ संपत आलेलं. प्लासिडनं बॉल हातात घेऊन डोळ्यानं खूण केली. पास्कल चालत जागेवर गेला, पाय रोवले, हात छातीवर घेतले. कृष्णा, देव त्याचं भलं करो, या वेळी थांबला. मग निघाला. सगळं प्लासिडनं शिकवल्याबरहुकूम चाललं होतं. कृष्णा पास्कलला घासून गेला, मागून ग्लेन आला, शेवटच्या क्षणी त्याला समोरचा पास्कल दिसला आणि तो चुकवायला डावीकडे वळला.

आणि पास्कल हलला. त्यानं ठरवून केलं नाही. समोरून मेहुणा येताना दिसला आणि पाय आपसूक वाट द्यायला बाजूला झाले. नेमके त्याच बाजूला, जिकडे ग्लेन वळला होता. उभाच राहिला असता तर ग्लेन सुखरूप निघून गेला असता. पण ग्लेनचं तोंड पास्कलच्या खांद्यावर आपटलं, त्याचा पुढचा दात सिमेंटवर पडला, आणि तिकडे कृष्णानं बॉल टोपलीत टाकला. पंच म्हणून बोळिंजचे एक शाळामास्तर होते. ते त्या क्षणी घड्याळवाल्याकडे वळून किती वेळ राहिला ते विचारत होते. त्यांनी टोपलीत पडलेला बॉल पाहिला आणि शिट्टी मारली. पाचूबंदर एका गुणानं जिंकलं.

त्यानंतर जे झालं त्याला सामना म्हणता येणार नाही. अर्नाळ्याचं म्हणणं, पास्कलनं मुद्दाम खांदा मारला. उभा माणूस हलला तर तो फाऊल, मग कृष्णाची टोपली रद्द आणि कप आमचा. पाचूबंदरचं म्हणणं, पास्कल हलत नाही हे साऱ्या वसईला माहीत आहे, तुमचा पोरगा खांबावर जाऊन आपटला. शाळामास्तरांनी पाहिलं नव्हतं आणि तसं कबूल करायची त्यांची छाती होईना. आयोजकांनी हात झटकले. दोन्ही गावांनी बसून काय ते ठरवावं आणि आम्हाला कळवावं, आम्ही तेच लिहून टाकू, असं म्हणून ते मंडपाचे बांबू सोडायला लागले.

कपाचं एक वेळ चाललं असतं. पण अर्नाळ्याच्या घरातून निरोप आला की लग्नाच्या तोंडावर जो मेहुण्याचा दात पाडतो तो उद्या बायकोचं काय करील, तेव्हा दुसरी घोषणा थांबवा. चर्चमध्ये घोषणा करताना फादर विचारतात की या लग्नात कोणाला काही अडथळा माहीत असेल तर कळवावा. आजवर त्या दोन गावांत कोणी कधी कळवला नव्हता. पास्कलच्या वेळेला नवऱ्या मुलाचाच अडथळा झाला.

पास्कल घरात बसून राहिला. आपण हललो हे त्याला पक्कं ठाऊक होतं आणि दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही असा त्याचा समज होता. कोणी विचारलं की तो खाली बघायचा, आणि लोक समजायचे की पोरगा दुखावलाय. प्लासिड येऊन सांगून गेला की काळजी करू नको, तुला फक्त एवढंच म्हणायचंय की मी जागेवर होतो. तू जागेवर होतास तर चूक ग्लेनची. चूक ग्लेनची तर त्यांची तक्रार संपली, लग्न उभं राहिलं आणि कपही राहिला. प्लासिडचा हिशेब बिनतोड होता. पास्कलला तो रात्रभर पचला नाही.

रविवारच्या चर्चमधल्या मिसानंतर जाळी सुकवायच्या आवारात बैठक बसली. मध्ये पांडू पाटील, पुढ्यात कप. पांडू पाटील गावातल्या हिंदू कोळ्यांतला वडीलधारा, पण दोन्ही धर्मांचे, दोन्ही गावांचे लोक त्याचा शब्द मानायचे, कारण तो कोणाच्याच बाजूनं बोलत नसे आणि बोलायला वेळही फार घेत असे. बास्केटबॉल त्यानं जन्मात पाहिला नव्हता. अर्नाळ्याहून क्रिस्टिनाचे काका आले होते, दहा माणसं घेऊन. ग्लेन तोंडाला रुमाल धरून बसला होता आणि मधूनमधून तो काढून सगळ्यांना खिंडार दाखवत होता. बायकांच्या बाजूला क्रिस्टिना बसली होती.

प्लासिडनं पाटलाला खेळ समजावून सांगायला सुरुवात केली. पाटलानं सगळं ऐकून विचारलं की त्या माणसाला तिथं काही काम नव्हतं, तर तो तिथं उभा का राहिला. उभं राहणं हेच त्याचं काम, असं प्लासिड म्हणाला. पाटलाला ते पटेना. ज्याला बॉल नको, टोपली नको, असा माणूस खेळायला येतो कशाला? कृष्णा म्हणाला की मी मोकळा व्हावा म्हणून. पाटलानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

मग पाटलाला एकदम उजेड पडला. म्हणजे हा खुंट झाला की. समुद्रात खुंट ठोकून त्याला जाळं बांधतात हे काय त्याला शिकवायला हवं होतं? खुंटाचा कायदा बापजाद्यांपासूनचा. खुंट जागेवर असेल आणि होडी त्याच्यावर आली तर चूक होडीवाल्याची. होडी वाटेला लागल्यावर कोणी खुंट आडवा आणला तर चूक खुंटवाल्याची. दोन्ही गावांनी माना डोलावल्या. प्लासिडला वाईट वाटलं ते एवढंच, की जे त्याला इतक्या वर्षांत पोरांना समजावता आलं नाही ते पाटलानं बसल्या जागी समजावलं.

आता उरला एकच प्रश्न, खुंट हलला की नाही. पाटील म्हणाला, करून दाखवा. पास्कलला मध्ये उभं केलं. ग्लेन दात गेल्यामुळे धावायला तयार होईना, म्हणून त्याच्या जागी काका उठले. काका साठीचे, पण रागात. कृष्णा पुढे, काका मागे. पास्कलनं जमिनीत नजर खुपसली आणि दातओठ खाऊन पाय रोवले, कारण समोरून येणाऱ्या माणसाकडे बघितलं तर पुन्हा वाट दिली जाईल, हे आता त्याला समजलं होतं. काका आले, आपटले आणि मागच्या जाळ्यांच्या ढिगात बसले. पाचूबंदरनं टाळ्या वाजवल्या. अर्नाळ्याच्या दुसऱ्या एकाला हे खरं वाटेना, म्हणून तोही धावला आणि काकांच्या शेजारी जाऊन पडला. मग तिसरा उठला. पाचूबंदरच्या दोघातिघांचा काही संबंध नव्हता, पण तेही रांगेत उभे राहिले. शेवटी पाटलानं काठी आपटली, नाहीतर फादरही झगा सावरून आले असते.

जाळ्यांतून पाय सोडवत काका उठले. माणूस सरळ होता. त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं की हा गडी हलणारा नाही, आमचा पोरगाच बघून धावला नसेल. ग्लेन रुमालाआडून काहीतरी म्हणाला, ते दात नसल्यामुळे कोणाला कळलं नाही. म्हणजे झालंच की. कप राहिला, लग्न राहिलं, चहा ठेवायला बायका उठायला लागल्या. प्लासिडनं कृष्णाच्या पाठीवर थाप मारली.

राहिली फक्त रीत. पाटलानं पास्कलला समोर बोलावलं.

"पास्कल, दर्याची आन घेऊन सांग. हललास का जाग्यावर होतास?"

पास्कलच्या तोंडात शब्द तयार होता. सगळं गाव तो शब्द ऐकायला हसत उभं होतं. त्यानं सहज बायकांच्या बाजूला बघितलं. क्रिस्टिना त्याच्या तोंडाकडे बघत नव्हती. ती खाली, त्याच्या पायांकडे बघत होती, आणि हसत नव्हती. आपण हललो ते हिला दिसलंय, हे पास्कलला त्या क्षणी कळलं. आठ दिवस ती गप्प होती. घरात सगळे त्याला शिव्या घालत असताना तिनं एका शब्दानं सांगितलं नव्हतं की हो, हलला, मी बघितलं. ते सांगायचं काम तिनं त्याच्यासाठी ठेवलं होतं. खरं बोलावं तर कप जाणार, गाव तोंड बघणार नाही आणि बहुतेक ही पण जाणार.

"हललो," तो म्हणाला. "ग्लेन समोर आला. थोरला मेवना, म्हनून वाट द्यायला बाजूला झालो. तो बी त्याच बाजूला आला."

मग पाचूबंदरचे सगळे एकदम बोलायला लागले. कृष्णा म्हणाला की मेहुण्याला वाट देतोस आणि माझ्या टोपलीचं वाटोळं करतोस. प्लासिड खाली बसला आणि गुडघ्याचा पट्टा सोडायला लागला. तो आता कायमचाच सोडतोय असं त्याच्या तोंडावरून वाटत होतं, पण पुढच्या रविवारी त्यानं तो पुन्हा बांधला.

पाटलानं वेळ घेतला आणि निवाडा दिला. खुंट हलला, म्हणून चूक खुंटवाल्याची, कप अर्नाळ्याचा. लग्नाचं काय ते मुलीकडच्यांनी ठरवावं, असं म्हणून तो काकांकडे वळला. काकांची पंचाईत झाली. मुद्दाम मारलं म्हणून लग्न मोडायला ते आले होते, आणि इथं निघालं असं की पोरानं मान दिला म्हणून दात पडला. मान दिला या कारणावरून सोयरीक मोडल्याचं अर्नाळ्यात कोणी ऐकलं नव्हतं. त्यांनी ग्लेनकडे बघितलं. ग्लेननं कपाकडे बघितलं, रुमाल खिशात घातला आणि मान हलवली. काका म्हणाले की दुसरी घोषणा होऊ द्या, मात्र लग्नाच्या फोटोत आमच्या ग्लेनला हसायला सांगू नका.

कप गेला तो प्लासिडनं स्वतःच्या हातानं काकांच्या हवाली केला. त्याच वेळी आवारातले बरेचसे लोक पास्कलच्या अंगावरून, तो तिथं नसल्यासारखे निघून गेले. पुढे कितीतरी दिवस त्याच्याशी कोणी धड बोललं नाही. लग्नाला मात्र झाडून सगळे आले आणि दोनदोनदा जेवले, कारण राग आपल्या जागी आणि जेवण आपल्या जागी.

पण त्या दिवशी आवार रिकामं झालं तेव्हा पास्कल मध्ये एकटाच उभा होता. क्रिस्टिनाची माणसं होडीकडे निघाली होती. ती मागे राहिली आणि त्याच्यासमोर येऊन थांबली. पास्कलला वाटलं, आता ही काय ते सांगून मोकळी होणार.

"नाय म्हनला असतास तरी लगीन केलं असतं मी तुझ्याशी," ती म्हणाली. "पन मग जलमभर तू बोलायला लागलास की मी तुझ्या पायांकडं बघत रायली असती."

मग तिनं मान वर करून त्याच्या तोंडाकडे बघितलं. पास्कल हसला, आणि आठ दिवसांत पहिल्यांदाच त्याला भूक लागली.